आरशाजवळचा हात

नववीच्या मुलांना मी दरवर्षी आरशात पाहून स्वतःचे चित्र काढावयास आणि मग त्या चित्रावर कविता लिहावयास सांगतो. इतिहासाच्या शिक्षकाचा हा उद्योग काही पालकांना खटकतो. परंतु ज्या समाजाचे चित्र शतकानुशतके इतरांनीच रेखाटले, त्याच्या लेकरांनी प्रथम आपला चेहरा आपल्या हाताने काढावा, असे मला वाटते. मात्र तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. गेल्या वर्षी एका मुलीने कपाळावरचा व्रण काढला, तेव्हा शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, तो त्या बाजूला नाही!" आरसा बाजू फिरवतो, हे चित्र काढणारीच्या ध्यानीही आले नव्हते.

इटलीच्या पार्मिजानिनोने १५२४ च्या सुमारास बहिर्वक्र आरशातले आपले रूप रंगविले. त्यात आरशाजवळचा हात अवाढव्य झाला आहे. अमेरिकन कवी जॉन अ‍ॅशबेरी यांनी त्या चित्रावर दीर्घ कविता लिहिली. तिचे नाव ल्यालेल्या संग्रहास १९७६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. चित्रात कोंडलेला तो चेहरा म्हणजेच तो माणूस काय, हा त्या कवितेचा शोध आहे.

आपल्याच जिल्ह्यात, फलटणला, बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून दडवून लिहिलेले आत्मकथन १९८६ साली ग्रंथरूपाने आले. त्याचे नाव 'जिणं आमुचं'. 'माझं' नव्हे. समाजाचे दुःख इतके जवळ होते की, बाईंचा स्वतःचा चेहरा मागे राहिला. पतीचा संशय आणि मारहाण त्या मोकळेपणाने बोलल्या त्या पुढे, इंग्रजी अनुवाद करणाऱ्या माया पंडित यांनी समोर बसून विचारले तेव्हा. कल्याणमित्र म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

ही स्मरणिकाही आपल्या संस्थेचे आत्मचित्रच आहे. गुणवंतांची छायाचित्रे, देणगीदारांची नामावली, नव्या इमारतीचा फोटो: हा झाला आरशाजवळचा हात. तो खोटा नाही, आणि त्याचा मलाही अभिमान आहे. पण ऊसतोडीच्या हंगामात आईबापांमागे गेली आणि परत आलीच नाहीत, ती मुले या पानांत कोठे आहेत? आपल्याविषयी त्यांना काय वाटते, हे आपण कधी विचारले नाही. विश्वकोशाच्या या गावी आपल्याच लेकरांची नोंद अपुरी राहावी, याची मला लाज वाटते.

जुन्या हजेरीपटांत त्यांची नावे आहेत. पुढील अंकासाठी माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी त्यांच्या गावी जाण्यास तयार असेल, तर यादी काढून देण्याचे काम माझे.