आजीची खोली

परवा कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात, परीक्षेच्या मार्गदर्शकांच्या ढिगाखाली, नारायण धारपांचा मुखपृष्ठ हरवलेला एक कथासंग्रह आमच्या हाती लागला. त्यात ‘आजी’ ही कथा होती. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव बरोबर होते. पाने चाळताना आम्ही कथासूत्र सांगितले, तेव्हा ते उद्गारले, “काका, ही तर ‘तुंबाड’ची आजी!”

म्हणणे अर्धे खरे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. आणि धारपांची कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेवर बेतलेली. मूळ सामग्री किती थोडी! घरात एकटा मुलगा आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी. पलीकडचे जग त्या दाराशी येऊन थांबलेले; त्याची केवळ चाहूल लागते. चित्रपटाने ते दार उघडले. विहिरीतून देवीच्या गर्भात उतरायचे, पिठाचे रिंगण आखायचे आणि हस्तराच्या मोहरा पळवायच्या. भयाच्या जागी लोभ आला. हे धाडस आम्हांस मान्य आहे. पण आजी मागे पडली, याची रुखरुख राहते. हस्तराचे नाव ऐकून आम्हांस अँब्रोज बिअर्सचा हास्तूर आठवला. १८९१ मधल्या त्या कथेत तो मेंढपाळांचा सौम्य देव होता! किंगच्या कथेत त्याच्याच नावाने आजीला गप्प करायचे असते.

चिरंजीवांना व्हिडिओ गेम अधिक प्रिय. किंगच्या ‘द मिस्ट’वरून स्फुरलेला ‘हाफ-लाइफ’ (१९९८) त्यांनी आम्हांस दाखविला. परलोकीचे प्राणी तेथेही येतात, पण खेळणाऱ्याच्या हाती शस्त्र असते. धारपांच्या मुलाच्या हाती काय होते? आम्हांस तरी त्या खेळात भीती वाटली नाही, बोटे तेवढी दुखली.

आमच्या मातोश्री दोन वर्षे अंथरुणावर आहेत. त्यांचे जुने मराठी चिरंजीवांना उमगत नाही. त्या दारावरून ते झपाट्याने जातात. पुस्तक मात्र त्यांनी मागून घेतले. रात्री एकट्याने वाचवेना, म्हणून आमच्याजवळ बसून अक्षरे जुळवीत मोठ्याने वाचू लागले. एका ठिकाणी अडले.

“काका, तिन्हीसांजा म्हणजे?”

आम्ही चष्मा शोधेपर्यंत आतून आवाज आला, “अरे, दिवेलागणीची वेळ. इकडे ये, सांगते.”

चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले, पुस्तकात बोट घातले आणि उठले.