पेट स्कॅनमध्ये गाठ चमकली म्हणजे कॅन्सरच का?

फुफ्फुसात गाठ दिसली की डॉक्टर अनेकदा पेट स्कॅन करायला सांगतात. रिपोर्टमध्ये ‘एसयूव्ही’चा आकडा मोठा आला की घरचे हादरतात. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरतो आणि बायोप्सीआधीच ‘कॅन्सर आहे’ असं सगळे धरून चालतात. पण पेट स्कॅनमध्ये थेट कॅन्सर दिसत नाही. शरीरात साखर कुठे जास्त वापरली जातेय, ते दिसतं.

चमक कशाची?

स्कॅनआधी शिरेतून एफडीजी टोचतात. ही ग्लुकोजसारखीच साखर असते, तिला किरणोत्सर्गी फ्लोरिन-18 जोडलेलं असतं. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवलं होतं. जिथे ही साखर साठते, तो भाग स्कॅनमध्ये चमकतो. फ्लोरिन-18ची किरणोत्सर्गी शक्ती दर 110 मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत शरीरात जवळपास काही उरत नाही.

भारतात गोंधळ जास्त का?

संसर्गाशी लढणाऱ्या पेशींनाही साखर लागते. त्यामुळे टीबीची गाठही कॅन्सरसारखीच चमकू शकते. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, म्हणून इथे हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. उलट बाजूही आहे: अगदी लहान किंवा हळू वाढणारा कॅन्सर चमकतोच असं नाही.

मग खात्री कशी होते?

गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. त्यासाठी बऱ्याचदा सीटी स्कॅनवर बघत छातीतून सुई घालतात. सुईच्या छिद्रातून हवा फुफ्फुसाबाहेर, छातीच्या पोकळीत शिरली तर फुफ्फुस आकसतं. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. अशा बायोप्सीत साधारण चारपैकी एका रुग्णात हे होतं. मात्र बहुतेकांमध्ये हवा थोडीच असते आणि ती आपोआप जिरते. छातीत नळी घालायची वेळ शंभरातल्या पाच-सहा जणांवर येते.

धोका कोणाला जास्त?

• सिगारेट-बिडीमुळे किंवा इतर कारणाने एम्फिसिमा झालेल्यांना
• गाठ लहान किंवा खोलवर असेल तर
• सुई फुफ्फुसाच्या आवरणातून एकापेक्षा जास्त वेळा न्यावी लागली तर

बायोप्सीनंतर काही तास रुग्णाला थांबवून एक्स-रे काढतात, तो याचसाठी. घरी गेल्यावर अचानक छातीत दुखलं किंवा दम लागला तर लगेच हॉस्पिटल गाठावं. न्यूमोथोरॅक्स झाला असेल, तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत विमानप्रवास टाळावा.

या धोक्याला घाबरून बायोप्सी टाळणं मात्र महागात पडू शकतं. टीबी असेल तर औषधांनी बरा होतो आणि कॅन्सर असेल तर एकेक आठवडा मोलाचा असतो. दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे आहेत आणि त्यातला कोणता द्यायचा, हे नुसत्या चमकेवरून ठरवता येत नाही.