विश्लेषण : नकाशावर हिरवा, आदेशात बंद! शहर बदलले की ड्रोनचे नियम का बदलतात?

मानखुर्दहून खाडीपूल ओलांडला की नवी मुंबई, मुलुंडचा नाका ओलांडला की ठाणे आणि दहिसरच्या पुढे मीरा-भाईंदर. प्रवाशाला ही हद्द जाणवतही नाही. हौसेने ड्रोन उडवणाऱ्याला मात्र ती जाणवायला हवी, कारण येथे दर काही किलोमीटरवर पोलीस आयुक्तालय बदलते आणि आयुक्तालयासोबत आदेशही.

देशाचा नियम काय सांगतो?

ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेले ‘ड्रोन नियम’ देशभर सारखेच आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, तर त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनो ड्रोनला आणि केवळ हौसेसाठी वापरल्या जाणाऱ्या मायक्रो ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर आकाशाचे तीन रंग आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीविना उड्डाण करता येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रण यंत्रणेची, तर लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते.

मग शहरागणिक फरक का?

पहिले कारण विमानतळ. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीविना मर्यादा २०० फुटांची आहे. ८ किलोमीटरच्या आत तर जमिनीपासूनच परवानगी हवी. त्यामुळे मुंबईत अंधेरी-कुर्ला आणि पुण्यात लोहगावच्या विमानतळालगतचे विमाननगर येथे गच्चीवरून सहज ड्रोन सोडता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे उलवे, पनवेलच्या रहिवाशांनाही आता हेच गणित मांडावे लागते.

दुसरे कारण पोलीस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ अन्वये (पूर्वीचे कलम १४४) मनाई आदेश काढता येतात. मुंबई पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांवर असे आदेश काढत आले आहेत. साधारण महिनाभराची मुदत संपता संपता नवा आदेश येतो. शेजारच्या आयुक्तालयांत सण, निवडणुका, महत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे यांनुसार असे आदेश निघतात. त्यामुळे एकाच दिवशी पुलाच्या एका टोकाला बंदी आणि दुसऱ्या टोकाला मोकळीक असू शकते.

अडचण नेमकी कुठे?

पोलिसांची काळजी अनाठायी नाही. गर्दीवर कोसळलेला ड्रोन जीवघेणा ठरू शकतो आणि घातपाताची भीतीही खरी आहे. पण २०२१ च्या नियमांतच यावर तोड आहे. पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या अधिकाऱ्याला एका वेळी ९६ तासांपर्यंत ‘तात्पुरते लाल क्षेत्र’ जाहीर करता येते. ते नकाशावर दिसते आणि शक्य तितके लहान ठेवावे, अशी अपेक्षा आहे. याउलट कलम १६३ चा आदेश संपूर्ण शहराला लागू होऊ शकतो आणि तो नकाशावर दिसेलच असे नाही. नकाशावरचा हिरवा रंग पाहून ड्रोन उडवणारा प्रामाणिक नागरिक त्यामुळे नकळत गुन्हेगार ठरतो. आदेशभंगासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

काय व्हायला हवे?

बंदी घालण्याचा अधिकार पोलिसांकडे जरूर असावा. मात्र जो आदेश नागरिकाला सहज सापडत नाही, तो पाळण्याची सक्ती न्याय्य नाही. प्रत्येक आयुक्तालयाने आपला आदेश मुदत आणि हद्दीसह त्याच नकाशावर टाकावा. एवढे झाले तरी निम्मा गोंधळ संपेल.

तोवर उड्डाणापूर्वी तीन गोष्टी पाहा : नकाशावरील रंग, विमानतळापासूनचे अंतर आणि त्या हद्दीतील पोलिसांचा चालू आदेश. आदेशाबद्दल शंका असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत ड्रोन पिशवीतच राहू द्या.