शून्य आणि एक

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें आपल्या मैत्रिणीचें डोहाळजेवण केलें. दोघीही संगणकाच्या व्यवसायांत. म्हणून धनुष्यबाण वा चंद्रकोर न करितां सर्वत्र 0 आणि 1 या अंकांचीं तोरणें लाविलीं होतीं. फुलांची वाडी आणि ओटी मात्र जुनीच, हें पाहून आम्हांस संतोष वाटला.

पुढें पेढा-बर्फीच्या झांकलेल्या वाट्या आल्या. पेढ्यावर 1, बर्फीवर 0. झांकण उघडतांच कोणी तरी हंसून म्हणालें, ‘‘म्हणजे मुलगी शून्यच कीं!’’ त्या गर्भवतीचा चेहरा उतरला.

आम्हीं म्हटलें, ‘‘पिंगलाचार्यांनीं लघु-गुरूंचे प्रस्तार मांडिले, त्यांत लघूस कोणी उणा लेखिला नाहीं, तो काढिला तर मंदाक्रांता उरत नाहीं. बॅबेजच्या नियोजित गणनयंत्राकरितां 1843 सालीं गणनविधि प्रसिद्ध केला, तोही एडा लव्हलेस या स्त्रीनेंच.’’

गर्भलिंगनिदान 1994 च्या कायद्यानें निषिद्ध झालें. पेढ्याचा पक्षपात मात्र आमच्या सुशिक्षित घरांतून अद्याप गेलेला नाहीं. कायद्याचा हात थट्टेपर्यंत पोंचत नाहीं. तेथें घरच्या वडील माणसांनींच बोललें पाहिजे.

विद्यार्थिनीनें निमूटपणें दोन्ही अंक काढिले आणि पेढा व बर्फी एकाच ताटलींत ठेविली. मैत्रिणीनें दोन्ही खाल्लीं.