सदनिका घेण्यापूर्वी



मुंबईच्या नोकरीतून निवृत्त होऊन परतणारी आपली अनेक कुटुंबे गावातील वाटणीच्या वादापेक्षा राजापूर शहरातील सदनिका बरी, असे मानू लागली आहेत. शाळा, दवाखाना, कचेरी हाकेच्या अंतरावर आणि पाण्यासाठी कोणाच्या मर्जीची वाट पाहणे नाही, हा विचार योग्यच आहे. परंतु जन्मभराच्या फंडाची रक्कम ज्या इमारतीत घालावयाची, ती पुरी होण्याजोगी आहे काय, हे विचारणारे फार थोडे.

वरळीच्या बी. डी. डी. चाळींचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. तेथे १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या आल्या. हे कसे जमले? त्या भूमीवर विक्रीसाठी बांधावयाच्या घरांना एवढा भाव येतो की, त्यातून जुन्या रहिवाशांच्या घरांचा खर्च निघतो. राजापुरात तसा भाव नाही. सिमेंट व लोखंड यांना मात्र दाम जवळजवळ तेवढेच मोजावे लागते. मग बांधणारा ग्राहकांच्या आगाऊ पैशावर काम ओढतो. दोन-चार ग्राहक मागे हटले की काम थांबते, आणि ज्याने पैसे आधी भरले तोच अधिक बुडतो.

येथे कायदा काय करतो? २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती जमीन व बांधकाम यांवरच खर्चावी लागते. परंतु जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर त्या नोंदणीची सक्ती नाही. लहान शहरातील लहान इमारती नेमक्या याच सवलतीत बसतात. म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज अधिक, त्याच्याच दारी पहारा कमी!

तथापि असा ग्राहक अगदी निराधार नाही. १९६३ चा महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा, ज्याला वकीलवर्ग मोफा म्हणतो, त्याच्या कामी येतो. त्याप्रमाणे आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदविणे बांधणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि ती रक्कमही किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. पुढे सहकारी संस्था स्थापन करणे व जमिनीसह इमारत तिच्या नावे करून देणे, हेही त्याचेच कर्तव्य होय. त्याने ते टाळले, तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला आहे. जमीन संस्थेच्या नावे नसेल, तर तीस वर्षांनी इमारत जीर्ण झाल्यावर आपल्या मुलांनी कोणत्या अधिकाराने ती पुन्हा बांधावी?

आणखी एक गोष्ट राजापूरकरांना सांगावयास नको. अर्जुना व कोदवली या नद्यांचे पाणी पावसाळ्यात जवाहर चौकापर्यंत येते. स्वस्त जागेचे कारण पुष्कळदा तेच असते. म्हणून नकाशावरील निळी व लाल पूररेषा पाहा. निळ्या रेषेच्या आत घर घेणे म्हणजे आपली पुंजी नदीच्या स्वाधीन करणे होय.

तेव्हा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा व नोंदलेला करार या तीन कागदांवाचून एक पैसाही देऊ नका. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागा. शक्य असल्यास सदनिका घरातील स्त्रीच्या नावे घ्या. मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते आणि तिचा हक्कही कागदावर येतो. ओळखीचा माणूस, गाववाला, शब्दाचा पक्का, या प्रशस्तिपत्रांना न्यायालयात किंमत नाही. कागद मागण्यात संकोच कसला? जो कागद देण्यास कचरतो, त्याच्या इमारतीची पायरी चढू नका.