परतीचे दोर

परदेशी कायमचे जाऊ पाहणाऱ्या तरुणाने कायद्याचा, खर्चाचा किंवा मागे राहणाऱ्या आईबापांचा विषय काढला, की त्यास एक ठरीव उपदेश मिळतो : ‘विचार करीत बसू नकोस, सिंहगडावर सूर्याजीने कापले तसे परतीचे दोर कापून टाक, म्हणजे यश आपोआप येईल.’ हा उपदेश करणारे पुष्कळ आणि ऐकणारेही पुष्कळ. म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम एक खुलासा. समुद्रपर्यटनास प्रायश्चित्त सांगणाऱ्या शास्त्र्यांचा वारसा आम्ही चालवीत नाही. ज्यास जावयाचे त्याने खुशाल जावे, व तेथेच राहावयाचे तर खुशाल राहावे. आमचा वाद जाण्याशी नाही. डोळे मिटून जाण्यास पुरुषार्थ मानण्याशी आहे.

गोव्याचा अनुभव ह्या बाबतीत बोलका आहे. १९६१ सालच्या मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांस व त्यांच्या मुलानातवंडांस, लिस्बन येथे जन्मनोंद करवून, पोर्तुगीज नागरिकत्व मिळविण्याची वाट मोकळी राहिली. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्यामुळे त्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये कामधंदा करता येई. आणि कितीतरी गोमंतकीय स्विंडनसारख्या शहरी गुदामांतून व कारखान्यांतून कामास लागले. परंतु आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा असा, की परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले, की भारताचे गेले. पुढे २०१६ साली ब्रिटनने संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर ती वाट बंद झाली. ज्यांनी केवळ ब्रिटनसाठी पासपोर्ट घेतला व जे मागे राहिले, त्यांचे घरचे नागरिकत्व गेले. आणि ज्यासाठी गेले तेही हाती लागले नाही.

प्रतिपक्षी येथे म्हणतील : ‘पाहा, त्वरेने निघाले तेच तरले! शिवाय ब्रिटनचा कौल आधी कोणी सांगावयाचा होता?’ आक्षेप वजनदार आहे. पण नुसती त्वरा कोणासही तारू शकली नसती. आधी पोहोचलेल्यांसही ३० जून २०२१ च्या मुदतीच्या आत, वास्तव्याचे पुरावे जोडून, आपला हक्क नोंदवावा लागला. कागद जपून ठेवणे हे भित्रेपणाचे लक्षण खास नव्हे. आणि योजना म्हणजे भविष्यकथन तरी कोठे आहे? कोणते पाऊल मागे घेता येते व कोणते येत नाही, हे आधी ओळखणे, आणि न परतणारे पाऊल सर्वांत शेवटी टाकणे, एवढाच तिचा अर्थ. ती करण्यास दहा वर्षे लागत नाहीत. आणि जो दहा वर्षे लावतो त्याची बाजू आम्ही घेत नाही.

नोकरी सुटली तर दुसरी मिळते; भाड्याचे घर बदलता येते. शेताचे तसे नाही. परक्या देशाचा नागरिक झालेल्या आपल्या माणसास ‘ओसीआय’ म्हणून नोंदवून घेण्याची सोय २००५ साली झाली. तिच्यामुळे त्यास येथे येता येते, राहता येते. पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलार्जित जमीन वारशाने आली तर ती राखता येते. तिकिटाच्या पैशासाठी विकलेली मात्र, पुढे खिशात डॉलर खुळखुळत असले तरी, त्यास पुन्हा विकत घेता येत नाही. आणि म्हाताऱ्या आईच्या उशापायथ्याशी कोण बसणार, हा प्रश्न विमानतळावर सोडविण्यासारखा खचित नव्हे.

राहता राहिले सिंहगडाचे दोर. १६७० सालच्या त्या रात्री मावळे कडा चढून गेले, तानाजी पडला, लोक माघारी फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापले, अशी आख्यायिका आहे. ते कापले गेले गडावर पोहोचल्यानंतर. पायथ्याशीच कापले असते, तर गड चढावयाचाच राहिला असता. हा दाखला देणाऱ्यांनी निदान तेवढी कथा तरी नीट ऐकावी.