पुलावरून काय टाकलं, हे विचारणं सोडा

बॉबी जेंट्रीचं ‘ओड टू बिली जो’ कुणालाही ऐकवा. गाणं संपता संपता समोरचा विचारणारच, ‘पण पुलावरून टाकलं काय?’ १९६७ साली हे गाणं अमेरिकेत चार आठवडे पहिल्या नंबरवर होतं, तेव्हाही लोक हेच विचारत होते. अंगठी, फुलं, नको असलेलं बाळ, सैन्यभरतीचं कार्ड... यादी अजून वाढतेय. मला हा प्रश्न निर्दयी वाटतो, आणि गाण्यात याच निर्दयीपणाबद्दल सांगितलंय.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी: मिसिसिपी, ३ जून, कापसाची शेतं. दुपारी घरचे जेवायला बसलेत. आई बातमी देते, बिली जोनं टॅलाहॅचीच्या पुलावरून उडी मारली. वडील म्हणतात, त्या पोराला अक्कल कधी नव्हतीच. आणि लगेच बिस्किटं मागतात. (पार्ले-जी नव्हे, तिकडचं बिस्किट म्हणजे छोटा मऊ पाव.) वर, पाच एकर नांगरायचं राहिलंय. भावाला जरा खटकतं, कालच तर तो सॉ मिलवर दिसला होता. पण तो पायचा अजून एक तुकडा घेतो. आई मुलीला म्हणते, सकाळपासून रांधतेय आणि तू घासही खाल्ला नाहीस. मग जाता जाता, पाद्री सांगत होता, तुझ्यासारखीच एक मुलगी बिली जोबरोबर पुलावरून काहीतरी टाकत होती.

हे सगळं आपल्याला सांगणारी ती मुलगीच आहे. टेबलावर ती एक शब्द बोलत नाही.

म्हणजे ते ‘काहीतरी’ आपल्यापर्यंत येतं ते पाद्रीनं आईला सांगितलेलं आणि आईनं जेवताना वाढलेलं. गॉसिप. ते आपण जवळपास साठ वर्षं पुढे ढकलतोय आणि त्याला गाण्याचा अर्थ लावणं म्हणतोय.

एक मित्र म्हणतो, महत्त्वाचं नसेल तर गाण्यात घातलं कशाला? बरोबर आहे. त्याच्यामुळेच तर कळतं की या टेबलावर एकीचं माणूस गेलंय. तेवढं कळलं की वडिलांनी मागितलेलं बिस्किटही टोचतं. मग ती अंगठी होती की फूल, यानं काय फरक पडतो? जेंट्री स्वतःही हेच सांगायची: वस्तू त्या दोघांचं नातं दाखवण्यापुरती, गाणं आहे नकळत केलेल्या क्रूरपणाबद्दल. १९७६ च्या सिनेमासाठी पटकथाकार हर्मन राउचरनं तिला विचारलं, त्यानं उडी का मारली? ती म्हणाली, मला माहीत नाही. तरी सिनेमानं कारण शोधलंच, आणि पुलावरून चिंध्यांची बाहुली टाकली. झालं समाधान?

आम्हा इंजिनिअर लोकांना ही खोड जास्त. सर्व्हर पडला की रूट कॉज लिहायचं, तिकीट बंद करायचं. माझ्या आधीच्या नोकरीत टीममधल्या एका मुलानं जीव दिला. दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर सुरू झालं. लोन होतं का? अप्रेझल? ब्रेकअप? ‘तसा तो गप्पच असायचा.’ कुणीतरी कोशिंबीर पुढे सरकवली. ‘डिप्रेशन होतं का रे?’ हे मी विचारलं, पापड मोडता मोडता. समोरच्या मुलीनं डबा उघडलाच नव्हता. ते माझ्या लक्षात आलं होतं. मी तिला म्हणाले, ‘काय गं, डाएट?’

ती काही बोलली नाही. ते दोघं रोज संध्याकाळी एकत्र निघायचे, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्यानंतर हे गाणं ऐकताना मला त्या आईचा राग येत नाही. तिलाही मुलीचं ताट दिसलंच होतं की.

शेवटच्या कडव्यात वर्ष उलटलंय. भावानं लग्न करून टुपेलोत दुकान टाकलंय. वडील साथीच्या तापात गेलेत, आईचं कशातच मन लागत नाही. आता दोघीही दुःखात आहेत आणि तरी एकमेकींशी बोलत नाहीत. मुलगी चॉक्टॉ रिजवर जाते, फुलं खुडते आणि त्याच पुलावरून खालच्या गढूळ पाण्यात सोडते.

या वेळी काय टाकलं ते गाण्यात स्पष्ट सांगितलंय. त्या फुलांबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.